महाबळेश्वर येथील दवबिंदू गोठणे

महाबळेश्वर (जिल्हा सातारा) येथील वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात हिवाळ्यात काही दिवशी पहाटे दवबिंदू गोठून त्यांचे हिमकण बनतात. मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तलावाकाठचे गवत, नौकाविहाराचा धक्का, मोटारींचे टप आणि स्ट्रॉबेरीची पाने यांवर बर्फाचा पातळ, पांढरा थर आढळतो. सूर्योदयानंतर तो लवकरच वितळतो. या घटनेला बोलण्यात ‘बर्फ पडला’ असे म्हटले जाते. परंतु हा हिमवर्षाव नसतो आणि तलावाचे पाणीही गोठत नाही.

स्थान

महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर वसले आहे. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी बांधून घेतला. तलावाचा परिसर खोलगट आहे. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती भोवतालच्या उतारांवरून खाली येऊन येथे साचते.

कारणे

निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशाकडे उत्सर्जित करते. गवताचे पाते किंवा मोटारीचा पत्रा यांत उष्णतेचा साठा अत्यल्प असल्याने त्यांचे तापमान ०° सेल्सिअसच्या खाली जाऊ शकते. त्यांवरील दव अशा वेळी गोठते. काही वेळा हवेतील बाष्प द्रवरूप न होता थेट बर्फाच्या स्वरूपात साचते. ढगाळ हवामानात ढग ही उष्णता काही प्रमाणात जमिनीकडे परत पाठवतात, तर वाऱ्यामुळे वरची उबदार हवा खाली मिसळते. म्हणून अशा रात्री हिमकण सहसा तयार होत नाहीत.

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून एक मीटरहून अधिक उंचीवर, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. जमिनीलगतचे तापमान त्याहून काही अंशांनी कमी असू शकते. त्यामुळे नोंदवलेले किमान तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही दव गोठल्याचे आढळते.

तलाव न गोठण्याचे कारण

गोड्या पाण्याची घनता सुमारे ४° सेल्सिअसला सर्वाधिक असते. पृष्ठभागावरील पाणी थंड झाले की ते जड होऊन खाली जाते आणि खालचे उबदार पाणी वर येते. हे अभिसरण पाणी ४° पर्यंत थंड होईपर्यंत चालू राहते. त्यानंतरच थंड पाणी पृष्ठभागावर टिकून गोठू शकते. महाबळेश्वरची थंडी काही तासांची असते आणि दिवसाच्या उन्हाने पाणी पुन्हा तापते. याउलट सैबेरियातील बैकाल सरोवर महिनोन्‌महिन्यांच्या कडाक्याच्या थंडीमुळे गोठते. तेथेही १,६४२ मीटरपर्यंतच्या खोलीत साठलेल्या उष्णतेमुळे बर्फाचे आवरण साधारणतः जानेवारीत पूर्ण होते व मे महिन्यापर्यंत टिकते.

शेतीवरील परिणाम

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे पीक थंड हवामानातील असले, तरी उमललेली फुले हिमकणांना फार संवेदनशील असतात. पेशींतील पाणी गोठल्यास फुलाचा मध्यभाग काळा पडतो आणि त्यापासून फळ धरत नाही. रोपे सायंकाळी आच्छादित केल्यास जमिनीची उष्णता टिकण्यास मदत होते. पिकाच्या संरक्षणासाठी वेधशाळेच्या आकड्यापेक्षा रोपाच्या उंचीवर मोजलेले तापमान अधिक उपयुक्त ठरते.