आमच्यानंतर कोण?

बौद्धिक दिव्यांग अपत्याच्या आईवडिलांना आयुष्यभर छळणारा हा प्रश्न केवळ निवाऱ्याचा नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमामागे हीच चिंता होती. न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत प्रौढ दिव्यांगांसाठी आजीवन सामूहिक निवास अभिप्रेत आहे. छपराबरोबरच देखभाल करणारी माणसे आणि वैद्यकीय मदतही. अशी घरे गरजेच्या मानाने फारच थोडी आहेत, हे मान्य केले पाहिजे.

मात्र घर मिळाले तरी एक अडसर उरतो. अपत्य १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. ज्याला स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत, त्याच्या नावावरील मुदत ठेवीचे व्याज निवासगृहाच्या शुल्कासाठी काढायचे, तर पालकत्वाचे प्रमाणपत्र लागते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक स्तर समिती ते देते. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. हे प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना दिली. तरीही अनेक कुटुंबांना त्याची आठवण होते ती वडील गेल्यावर. तेव्हाही भाऊबहीण किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. निर्णय होईपर्यंत मात्र ठेव असूनही शुल्क थकते.