जेवणाची सुटी

स्वयंपाक आणि जेवण हा कामगार चळवळीतल्या माणसाने बोलण्याचा विषय आहे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, चळवळीच्या अगदी पहिल्या मागण्यांतच तो आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज तयार केला, त्यात आठवड्याच्या सुटीबरोबरच दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. १८९१ च्या कायद्याने ती मिळाली. पुढे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने असा दंडक घातला की, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये आणि ती विश्रांती अर्ध्या तासाहून कमी नसावी. तात्पर्य, निवांत घास खाण्याचा वेळ हे कोणी दिलेले दान नाही. तो भांडून मिळवलेला आहे. त्या वेळेचे आपण घरी काय करतो, एवढाच आजचा प्रश्न.

उदाहरणाला पिठले-भाकरी घेऊ. कमी खर्चाचे आणि थोड्या वेळात होणारे याहून चांगले जेवण आम्हांला ठाऊक नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात भिजवावे लागते. उष्णतेने पिठातले सत्त्व फुगते आणि पीठ बांधून येते. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते व थापताना भाकरी चिरते; तो हाताचा दोष नव्हे. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाणी फिरवतात, तेही उगीच नव्हे. त्याने वरचा भाग वाळून तडकत नाही.

पिठल्याचे उलट. डाळीचे पीठ आधी गार पाण्यात कालवावे. एकदम उकळत्या पाण्यात टाकले, तर वरचे पीठ तेवढे शिजते, आत कोरडे राहते, आणि गुठळ्या होतात. मोहरी, हिंग, लसूण, हिरवी मिरची, कांदा आणि हळद यांच्या फोडणीत पाणी उकळले की कालवलेले पीठ ढवळत ओतावे आणि झाकण ठेवून चांगली वाफ आणावी. कच्चा वास गेला की पिठले झाले.

आता खाणे. भाकरीचा घास सावकाश चावला की गोड लागतो, कारण लाळेने पिठूळ भागाची साखर होऊ लागते. गिळण्याची घाई करणाऱ्याला ही गोडी कळतच नाही. पोट भरल्याची जाणीवही उशिरा होते. साधारण वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत ताट संपवणारा भुकेहून अधिक खातो, आणि तरी जेवल्याचे समाधान त्याला नसते. मोबाइल पाहत जेवणाऱ्याची गत याहून वेगळी नाही.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडावी, हा आपला जुना हट्ट. तो पुरवायला एक माणूस चुलीशी उभे राहते, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बाई. सगळ्यांचे आटोपल्यावर ती गार पिठले आणि उरलेली भाकरी घेऊन बसते, तीही निम्मे लक्ष ओट्याकडे ठेवून. कारखान्यात जी सुटी आम्ही हक्काची म्हणून मागितली, ती आमच्याच घरात आम्ही नाकारतो. याला काय म्हणावे?

उपाय कठीण नाही. भाकऱ्या आधी करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवाव्यात. अर्धा तास त्या मऊ राहतात. मग पिठले टाकावे. तोवर एकाने कांदा फोडावा, एकाने पाणी भरून ताटे मांडावीत. मग गॅस बंद करून सगळ्यांनी एकदम बसावे. भाकरी थोडी कमी गरम लागेल, हे खरे. पण करणारीने स्वतःच्या हातचे पिठले गरम असताना खाल्ले, तर सौदा तोट्याचा नाही.

श्रोतेहो, हक्क कायद्याच्या पुस्तकात लिहिला जातो, पण तो रोजच्या पंगतीत पाळावा लागतो. जेवणाची सुटी सगळ्यांना एकाच वेळी मिळाली पाहिजे. त्यासाठी मोर्चा नको. आज रात्री एक पाट जास्त मांडला म्हणजे पुरे.