बेस गिटारचा पहिला व्हॉल्व्ह

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, की तिचे सेकंदाला सुमारे ४१ कंप होतात. त्या कंपांपासून निर्माण होणारी वीज इतकी दुबळी असते, की तिने स्पीकरचा पडदा हलणे शक्य नाही. ती वाढविण्याचे काम प्रथम ज्याच्याकडे येते, तो बोटाएवढा काचेचा व्हॉल्व्ह हा आमचा विषय. जुने व्हॉल्व्ह घेताना लोक काचेवरच्या नावावर भाळतात आणि मोठे पैसे मोजतात. आमचे म्हणणे असे, की बेसच्या बाबतीत नाव शेवटी पाहावे. आधी व्हॉल्व्ह शांत आहे की नाही ते पाहावे.

पहिल्या व्हॉल्व्हमध्ये जी खरखर शिरते ती पुढचे सर्व व्हॉल्व्ह वाढवीत नेतात. म्हणून हाताशी असलेला उत्तम नग पहिल्या जागी लावावा. मागच्या जागी साधा नग सहसा चालतो. बेसला आणखी एक दुखणे आहे. खर्जातील स्वरांनी सारी पेटी हादरते, आणि व्हॉल्व्हच्या आतील नाजूक जाळी सैल असेल तर तीही थरथरते. ही थरथर विजेत उतरून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडते. १९५२ च्या फेंडर बेसमनसारख्या, स्पीकर आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असणाऱ्या यंत्रांत हा त्रास विशेष. परीक्षा सोपी आहे: यंत्र चालू ठेवून पेन्सिलीच्या लाकडी टोकाने काचेवर हलकेच टिचकी मारावी. बारीक ‘टक’ ऐकू आले तर हरकत नाही. घणघणाट किंवा शिटी उठली तर तो नग पहिल्या जागेचा नव्हे.

दुसरा प्रश्न शक्तीचा. ज्याला युरोपात ईसीसी ८३ व अमेरिकेत १२ एएक्स ७ म्हणतात, त्याचा वर्धनांक १०० आहे. १२ एटी ७ चा ६०, १२ एवाय ७ चा सुमारे ४४. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फेंडरने बेसमनमध्ये पहिल्या जागी १२ एवाय ७ च योजला होता. वादक जोराने तार ओढत असेल आणि स्वर लवकर फाटत असेल, तर ही निवड आम्हांला शहाणपणाची वाटते. मात्र १९६० च्या अँपेग पोर्टाफ्लेक्समधला ६ एसएल ७ हा आठ पायांचा आणि जाड बुडाचा. नऊ पायांचे हे भाऊबंद तेथे बसतच नाहीत. तेव्हा यंत्राचा नकाशा पाहिल्यावाचून खरेदी करू नये.

आता नावाचे. एका कारखान्याच्या मालावर दुसऱ्या कंपनीचे नाव छापणे ही या धंद्यातील जुनी रीत. छाप पुसते आणि नवीही मारता येते. मुलार्डच्या काचेवर बुडाशी कोरलेल्या खुणेतील ‘बी’ हे अक्षर लँकेशायरमधील ब्लॅकबर्नचे; ते अधिक विश्वासाचे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले. असा नग शांत निघाला तर थकलेल्या नामांकित नगापेक्षा तोच घ्यावा.

काचेच्या माथ्यावरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह फुकटही नको. बाकीचे नग यंत्रात लावून, जाड तार मोठ्या आवाजात पंधरा मिनिटे वाजवून मग पैसे द्यावेत. विक्रेता त्याला तयार नसेल, तर दुसरे दुकान पाहावे.