धुराचे वय

हिवाळ्यात दिवस मावळताना हिंगोलीहून वसमतकडे निघालात, तर वाटेतल्या गावांवर धुराची निळसर चादर दिसेल. तीत चुलीतल्या पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्यांचा धूर असतो, तसा ट्रक-ट्रॅक्टरच्या डिझेलचाही. काजळी दोन्हींची काळीच. मग कोणाची किती, हे ओळखायचे कसे?

श्रोतेहो, याचे उत्तर कार्बनच्याच पोटात आहे. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे वरच्या हवेत नायट्रोजनपासून कार्बन-१४ सतत तयार होत असतो. त्याचे प्रमाण लाख कोटी अणूंमागे जेमतेम एक. झाडे हवेतून कार्बन घेतात, त्याबरोबर हाही घेतात. झाड वाळले की आवक थांबते आणि दर ५७३० वर्षांनी तो निम्मा होत जातो. यंदाच्या पऱ्हाटीत तो पुरेपूर असतो. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेल्या दगडी कोळशात आणि खनिज तेलात मात्र उरलेलाच नसतो. हवेतले कण गाळणीवर धरून त्यांतला कार्बन-१४ मोजला, की ताज्या आणि पुरातन इंधनाचा हिशेब लागतो.

हा हिशेब आपल्या सिंहगडावरही मांडला गेला. स्टॉकहोम विद्यापीठाचे ओर्यान गुस्ताफसन आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सिंहगड व मालदीव येथील हिवाळी हवेचे नमुने तपासले. २००९ साली 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आले: कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश लाकूड, शेण, काडीकचरा जळून आलेले होते.

यावरून कोणी चुलीपुढच्या बाईला आरोपी ठरवू नये. तो धूर सर्वांत आधी तिच्याच छातीत जातो. आणि ताजा, नैसर्गिक कार्बन म्हणून तो निरुपद्रवीही नाही. फुप्फुस धुराचे वय विचारत नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर घरोघर आले, पण ते पुन्हा भरून घ्यायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी शेतात फुकट मिळते.

दिलासा एवढाच, की कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत टिकतो. काजळी काही दिवसांत, फार तर आठवड्यांत खाली बसते किंवा पावसाने धुतली जाते. चुलीचा धूर कमी झाला, तर त्याचा गुण आपल्या डोळ्यांदेखत दिसेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)