खडकाची भाकरी

पोरांनो, मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी ताटात पडली की मला दगड आठवतो. खरंच सांगतोय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या मुलखात जमीन उलली आणि भेगांतून रसरशीत लाव्हा बाहेर आला. थरावर थर चढले, निवले. तोच हा आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. पहारीलाही सहजी दाद देत नाही. मग त्याची माती कुणी केली?

उन्हानं, पाण्यानं, झाडाच्या मुळांनी. मे महिन्यात सोलापुरात पारा 44 अंशांवर चढतो. दिवसा दगड फुगतो, रात्री आकसतो. बारीक फटी पडतात. त्यांत पावसाचं पाणी शिरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यानं ते किंचित आंबट झालेलं असतं आणि दगडातली खनिजं ते हळूहळू कुजवतं. नव्या विहिरीच्या कडेला नीट बघा. कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल गोटे दिसतील, त्यांच्यावर मुरूम आणि मुरमावर काळी माती. बोटाच्या पेराएवढा मातीचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात बरं!

आणि जायला? एक वळीव पुरतो. टपोरा थेंब ताशी तीसेक किलोमीटर वेगानं ढेकळावर आदळतो. कण सुटतात आणि पाण्याबरोबर चालू लागतात. ही धूप. आपलं रान रब्बीचं, त्यामुळे ऐन पावसाळ्यात पुष्कळ शेतं उघडीच असतात आणि सारा मार मातीच झेलते. ओघळीतून ओढ्यात, ओढ्यातून सीनेत आणि हत्तरसंग-कुडलच्या संगमावर भीमेत. करमाळ्याकडची माती उजनीच्या जलाशयात जाऊन बसते. पण नदीला नुसती चोर म्हणू नका. भीमाकाठची कितीतरी खोल रानं तिनंच आणलेल्या गाळानं भरली आहेत.

1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. पावसाचं किती पाणी वाहून जातं आणि ते किती माती नेतं, हे तिथं मोजलं गेलं. 1972च्या दुष्काळात आपल्याच माणसांनी भर उन्हात ताली आणि बांध घातले. मला ते काम फार मोठं वाटतं. बांध पाण्याला थांबवतो, थांबलं की ते मुरतं आणि माती जागेवर राहते. बांधावर गवत असेल तर तो स्वतःही सहजी फुटत नाही.

पुढच्या पावसात एक बाटली उघड्या रानातून वाहणाऱ्या पाण्यानं भरा, दुसरी गवताळ माळावरच्या. रात्रभर हलवू नका. सकाळी पट्टी लावून दोन्हींतला गाळ मोजा आणि मला सांगायला या.