विद्यार्थी व्हिसा : कोणता कागद कशासाठी?

आधी : कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. वय १८. सोबत पती नव्हते. १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या. विद्यार्थी व्हिसा तेव्हा नव्हताच. भारतात पासपोर्टचा कायदा १९२० मध्ये आला, अमेरिकेचा 'एफ-१' हा विद्यार्थी वर्ग १९५२ च्या कायद्यातला.

आता, अमेरिकेसाठी :
• पासपोर्ट. ठाणेकरांचे सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये.
• आय-२०. प्रवेश मिळाल्याचा हा कागद कॉलेज देते, दूतावास नव्हे. तो हाती आल्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही.
• सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी यंत्रणा) शुल्क : २०१९ पासून ३५० डॉलर. व्हिसाचे शुल्क वेगळे.
• डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न् अक्षर जुळवून लिहावे.
• व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात. डोंबिवलीहून लोकलने कुर्ला, पुढे बस किंवा रिक्षा. मोबाइल आत नेता येत नाही. तो सांभाळायला घरचे कुणी बाहेर असलेले बरे.

गल्लत नको : व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत सोडायचे की नाही, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश मिळत नाही.

इतरत्र : ब्रिटनमध्ये आय-२० च्या जागी 'कॅस' क्रमांक. जर्मनीसाठी बहुतेकांना एपीएस (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे) प्रमाणपत्र आणि वर्षभराच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. त्यातून दरमहा ठरावीक पैसेच काढता येतात. कॅनडाची विद्यार्थ्यांसाठीची जलद 'एसडीएस' योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली.