रोजकीर्द आणि मोबाइल

माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला लागणीची तारीख, पाण्याची पाळी, खताची मात्रा आणि मजुरांना दिलेली उचल यांची टिपणे ठेवावीच लागतात; आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे सातबाऱ्यावरील पिकाची नोंदही मोबाइलवरून होऊ लागल्याने, आता घरची रोजकीर्द बंद करावी काय, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. माझे स्पष्ट मत असे की, जिला छायाचित्राची वा वेळेवर आठवण देण्याची गरज आहे ती नोंद यंत्राकडे सोपवावी. परंतु उचलीचा हिशेब, ज्याखाली समोरच्याची सही वा अंगठा घ्यावयाचा असतो आणि जो विजेवाचूनही बांधावर उघडता येतो, तो कागदावरच असावा. यंत्रातील टिपणांची नक्कल मात्र दरमहा अन्यत्र अवश्य काढून ठेवावी.